बाहेरची

दिवाळीच्या चार दिवसांत मध्यमवर्गीय घरात तीन गोष्टी हटकून उरतात: डब्याच्या तळाशी चिवडा, दिवाणखान्यात पाहुणे, आणि पाहुण्यांच्या मध्ये एक न मिटलेला वाद. पूर्वी हा वाद राजकारणावर होई, मग नाटकांवर होऊ लागला. आता तो बहुधा ऐतिहासिक चित्रपटांवर आणि मालिकांवर होतो. काकांना तलवारीची मूठ खटकते, मामांना सनावळी खटकते, आत्याबाईंना नथीचा आकार पसंत नसतो. कॉलेजात जाणारी पुतणी विचारते की, सगळ्या नट्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या गोऱ्यापान कशा? आणि आजी बशीत करंजी ठेवता ठेवता एवढेच म्हणतात, "ही मुलगी कुठली म्हणायची? आपल्याकडची दिसत नाही."

वाचकहो, तलवार, सनावळी आणि नथ हे तिन्ही विषय जाणकारांवर सोपवून आज आपण आजींचाच प्रश्न घेऊ. परमुलखातून लग्न होऊन आलेली मुलगी पडद्यावर दाखवायची ती कशी?

हा प्रश्न एकट्या मराठी आजींना पडत नाही. २०२३ च्या मे महिन्यात 'क्वीन शार्लट' नावाची एक इंग्रजी मालिका नेटफ्लिक्सवर आली. तिची नायिका इतिहासातली आहे. १७६१ साली, म्हणजे आपल्या पानिपतच्याच वर्षी, जर्मनीतल्या एका चिमुकल्या संस्थानातली सतरा वर्षांची राजकन्या शार्लट लंडनला पोहोचली आणि त्याच दिवशी, ज्याचे तोंडही पूर्वी पाहिले नव्हते त्या तिसऱ्या जॉर्ज राजाशी तिचे लग्न लागले. तिला इंग्रजी येत नव्हते. इथपर्यंत इतिहास. मालिकेच्या कर्त्या शोंडा राईम्स यांनी पुढे एक धाडस केले. त्यांनी ही राणी कृष्णवर्णीय दाखवली आणि तरुणपणच्या भूमिकेसाठी इंडिया अमार्टेफियो या नटीला घेतले.

झाले! दोन तट पडले. एक म्हणे, हा इतिहासाचा खून आहे. दुसरा म्हणे, इतकी वर्षे गोऱ्याच राण्या पाहिल्या, आता एक सावळी पाहिली तर आकाश कोसळते काय? मालिकेने मात्र आरंभीच सांगून टाकले होते की, हा इतिहासाचा पाठ नव्हे, खऱ्यावरून सुचलेली कल्पित गोष्ट आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडला. त्याहूनही आवडली ती एक गोष्ट, जिच्याकडे रंगाच्या भांडणात फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ही मुलगी लग्नाच्या दिवशी बागेची भिंत चढून पळून जाऊ पाहते. ती रागावते, प्रश्न विचारते, एकटे वाटले की तसे सांगते. परक्या घरात आलेल्या मुलीला काय वाटत असेल, हे त्या मालिकेत तिच्याच तोंडून कळते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या इतिहासात अशी परमुलखातून आलेली वधू नाही काय? आहे. पुण्यापासून साठएक किलोमीटरांवर, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी तिची साधी कबर आहे. काही लोक तिला कबर म्हणतात, काही समाधी म्हणतात. मस्तानी.

पुण्यात हे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी येतो तो आइस्क्रीम घातलेला दाट दुधाचा उंच पेला! एखाद्या स्त्रीची आठवण लोकांनी इतक्या गोडीने जपावी आणि तिच्याविषयी इतके थोडे विचारावे, हे नवल पुण्यातच घडू शकते.

तिची हकिगत थोडक्यात अशी. बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याच्यावर महंमदखान बंगश चालून आला. म्हाताऱ्या राजाने बाजीरावांना हाक मारली, आणि १७२९ च्या वसंतात बाजीरावांनी जैतपूरला बंगशाची कोंडी करून राजाला सोडवले. कृतज्ञ छत्रसालाने राज्याचा तिसरा हिस्सा त्यांना दिला. मस्तानी त्या मुलखातली. तिला छत्रसालाची कन्या म्हणणारे आहेत, तिला दरबारची कलावंतीण म्हणणारेही आहेत. छत्रसाल हा प्राणनाथांचा शिष्य, प्रणामी पंथाचा. वेद आणि कुराण या दोहोंना मान देणारा हा पंथ. म्हणजे ज्या अंगणातून ती आली, तिथे 'तू हिंदू की मुसलमान' या प्रश्नाची धार पुण्याइतकी तीक्ष्ण नव्हती. ती पुण्यात आल्यावर मात्र तिला दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी कावेबाज आहे. 'बाहेरची' या एकाच शब्दात तिने दोन अर्थ बसवले आहेत. बाहेरची म्हणजे परगावची, परमुलखातली. आणि 'बाहेरची बाई' म्हटले की अर्थ निराळा, तो आम्ही मुलांसमोर सांगत नाही. पहिल्या अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंतचा प्रवास किती सोपा आहे पाहा! मस्तानी पहिल्या अर्थाने पुण्यात आली आणि दुसऱ्या अर्थाने तिथे राहिली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव काढून मुलीला आपले करून घ्यायची आपली चाल. पेशव्यांच्या घरात आलेल्या सुना अशा नव्या नावाने नांदल्या. ही एकटी आली त्या नावाने राहिली आणि त्याच नावाने गेली.

पडद्याने तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. १९५५ साली धीरूभाई देसाई यांनी 'मस्तानी' चित्रपट काढला. त्यात निगार सुलताना होत्या. १९७२ साली ना. सं. इनामदारांची 'राऊ' ही कादंबरी आली आणि मराठी घरांत ती मांडीवर, उशाशी, दुपारच्या चहाच्या वेळी वाचली गेली. तिच्याच आधाराने संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबर २०१५ रोजी झळकला. दीपिका पदुकोण मस्तानी, रणवीर सिंग बाजीराव, प्रियांका चोप्रा काशीबाई. राधाबाईंच्या भूमिकेसाठी तन्वी आझमींना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि ते रास्तच होते.

त्या वेळचा गदारोळ तुम्हांला आठवत असेल. काशीबाई आणि मस्तानी दोघी मिळून पिंगा घालतात, हे पाहून पुणे खवळले. पेशव्यांच्या घरची स्त्री अशी चारचौघांत नाचेल काय, हा सवाल. निदर्शने झाली, पुण्यात एका चित्रपटगृहाला पहिल्या दिवशीचे खेळ रद्द करावे लागले. काशीबाईंच्या अब्रूची चाड धरणारे पुष्कळ निघाले, आणि त्यात वावगे काही नाही; त्या आपल्या चासकर जोशांच्या लेक. पण त्या सगळ्या कोलाहलात 'मस्तानी तरी अशी नाचेल काय?' असे विचारणारा आवाज माझ्या कानी आला नाही. ती नाचणारच, हे सर्वांनी गृहीत धरले होते. बाहेरची ना!

इथे मला पडद्याच्या कपडेपटाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. रियासतकार सरदेसाईंनी लिहून ठेवले आहे की, मस्तानीचा पेहराव, बोलणे, राहणी ही इथल्या हिंदू कुलस्त्रीसारखी होती. म्हणजे या मुलीने परक्या घरी येऊन लुगडे नेसायला शिकून घेतले, बोली शिकून घेतली, घराची रीत उचलली. आणि चित्रपट काय करतो? तो तिच्या अंगावरचे लुगडे फेडून पुन्हा घोळदार, झुळझुळीत पोशाख चढवतो, तिच्या तोंडी उर्दूच्या वळणाची नटवी हिंदी घालतो, आणि आरशांच्या महालात उभी करून प्रेक्षकांना सांगतो, पाहा, ही किती निराळी आहे! तिने आयुष्य खर्चून जे अंतर कमी केले, ते कपडेपटाने एका दुपारीत पूर्ववत करून टाकले. बरे, निराळेपणच दाखवायचे तर तिची खरी बोली बुंदेली. तिचा गोडवा ऐकवायला काय हरकत होती? पण निराळेपण हवे असते ते दागिन्यांपुरते, जिभेपुरते नको असते.

वैविध्य वैविध्य म्हणून आज जो शब्द सारखा कानांवर येतो, त्याचा मला लागलेला अर्थ एवढाच. पडद्यावर चार रंगांची, चार धर्मांची माणसे उभी केली म्हणजे काम झाले असे नाही. त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःचे असे एखादे काम आणि एखादे वाक्य मिळाले पाहिजे. नाही तर ती माणसे आणि शोभेच्या कुंड्या यांत फरक काय राहिला?

कोणी म्हणेल, तिला काय काम द्यायचे? इतिहासात तिचे काम आहे कुठे? आहे. शिरूरहून उठून शेजारच्या दौंड तालुक्यात चला. पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटस लागते. १७३९ साली घरातला विरोध विकोपाला गेला, मस्तानीवर पहारा बसला आणि बाजीराव उद्विग्न होऊन पाटसला जाऊन राहिले. तेव्हा त्या नोव्हेंबरात मस्तानी पुण्यातल्या पहाऱ्यातून निसटली आणि थेट पाटसला जाऊन पोहोचली. विचार करा! परका मुलूख, अंगावर पहारा, घरात पाच वर्षांचे पोर, आणि ही बाई साठ किलोमीटरांची वाट तुडवून नवऱ्याकडे जाते. तिला पुन्हा पुण्यात आणले गेले, पुन्हा कोंडले गेले, ते निराळे. पण तिच्या साऱ्या चरित्रातली ही खास तिची, तिच्या मनाने केलेली कृती आहे. चित्रपटात तिच्या हाती तलवार आहे, पायांत घुंगरू आहेत, शेवटी साखळदंडही आहेत. पाटसची वाट मात्र कुणाच्या मनावर ठसलेली नाही.

पाटसला आलोच आहोत तर तशाच आणखी एका बाईची आठवण काढू. याच तालुक्यात, याच लोहमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे मुक्तिमिशन तिथेच. रमाबाईंचा प्रवास मस्तानीच्या उलट दिशेचा. मराठी ब्राह्मणाची ही लेक. १८८० साली तिने जात आणि प्रांत दोन्ही ओलांडून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षांत वैधव्य आले आणि लहान मुलीला घेऊन ती पुण्याला आली. तिच्यावरही पुण्याने काही कमी तोंडसुख घेतले नाही. पण एक मोठा फरक आहे. रमाबाईंच्या हाती लेखणी होती. 'स्त्रीधर्मनीति' त्यांनी १८८२ साली छापली, पुढे इंग्रजीत लिहिले, भाषणे केली, आपल्या आयुष्याची हकिगत आपणच सांगितली. त्यामुळे रमाबाईंशी भांडायचे तर त्यांच्या शब्दांशी भांडावे लागते. मस्तानीने लिहिलेली एक ओळ आपल्यापुढे नाही. तिच्याविषयी जे आहे ते दुसऱ्यांच्या पत्रांत, दुसऱ्यांच्या रागात आणि दुसऱ्यांच्या काळजीत. म्हणून तर तिच्यावर चित्रपट काढणाऱ्याची जबाबदारी दुप्पट. जिला बोलता आले नाही तिच्या तोंडी आपण शब्द घालणार. मग ते जपून नकोत का घालायला?

शेवट तुम्हांला माहीत आहे. २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीस बाजीराव गेले. मस्तानीही त्यानंतर लवकरच पाबळला गेली. कोणी म्हणतात हिरकणी खाल्ली, कोणी म्हणतात सती गेली. लोकांना अशा बाईचे साधे मरण पटत नाही. पाबळ हे तिच्या इनामाचे गाव. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावांनी तिला दिली होती. म्हणजे ती निव्वळ आरशांच्या महालातली बाई नव्हती; गावांची धनीण होती, आणि तिथल्या पिकापाण्याचा वसूल तिच्या नावे येत होता. हा भाग पडद्यावर कधी दिसेल?

आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे. तिचा मुलगा तेव्हा सहाएक वर्षांचा. त्याला कृष्णराव म्हणावे असे बापाच्या मनात होते म्हणतात. मुंज कोणी लावेना, तो समशेरबहादूर झाला. या पोरक्या मुलाला वाढवले कोणी? काशीबाईंनी. स्वतःच्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसाराचे हे मूल त्यांनी घरात घेतले, सांभाळले, मोठे केले. तो पुढे पानिपतावर लढला आणि त्या जखमांनी १७६१ साली मेला. बाहेरचीचा मुलगा घरच्यांसाठी मेला. त्याच्या वंशजांनी बांद्याला नबाबी केली आणि १८५७ साली बांद्याचे नबाब इंग्रजांविरुद्ध उभे राहिले.

काशीबाईंचे माहेर चास, ते खेड तालुक्यात. मस्तानीचे पाबळ त्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात. दोघी जिवंतपणी एकत्र नाचल्या की नाही यावर आपण मोर्चे काढले. एकीच्या पश्चात दुसरीने तिच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, याच्यावर कोणी एक गाणेही रचले नाही. मला विचाराल तर साऱ्या पिंग्यापेक्षा हे दृश्य मोठे आहे. त्याला रोषणाई लागत नाही, आरसे लागत नाहीत. एक बाई, एक मूल, आणि तुळशीवृंदावनापाशी संध्याकाळ. कोणी दिग्दर्शक हे करील तर त्याला तिकिटाचे पैसे मी आगाऊ द्यायला तयार आहे.

परक्याला आपले म्हणायची रीत या मुलखाला ठाऊक नाही, असेही म्हणता येत नाही. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला. आसपासच्या गावांतले लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणू लागले आणि त्याच्या थडग्याला नवस बोलू लागले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. साता समुद्रांपलीकडचा साहेब सत्पुरुष झाला! दौंडचे रेल्वे जंक्शन झाले तेव्हा गोव्याची, दक्षिणेची, अँग्लो-इंडियन अशी किती कुटुंबे तिथे येऊन राहिली, आणि त्यांच्या चुली मराठी चुलींच्या शेजारी पेटल्या. पुरुष परका असला तर आपण त्याला कर्तबगारीवरून मोजतो. बाई परकी असली की आधी तिचे कूळ, मग तिचा धर्म, मग तिचा स्वयंपाक विचारतो, आणि एवढे विचारून झाल्यावर ती कशी आहे ते विचारायला वेळ उरत नाही.

आता हे सगळे तुम्हांला दिवाळीत कशाला सांगायचे? कारण हा चित्रपट दिवाणखान्यात लागतो तेव्हा सोफ्याच्या एका टोकाला कदाचित तुमची बंगाली सून बसलेली असते. किंवा तमिळ. किंवा मुलाने अमेरिकेहून आणलेली, हातात चकलीची बशी धरून सारे समजल्यासारखे हसणारी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तिला तुमच्या घराचा दरवाजा रीतसर उघडून दिला आहे. आतले दरवाजे कायद्याच्या हातचे नाहीत. ती पडद्यावर काय पाहते? बाहेरून आलेली बाई सुंदर असते, नाचते, घरात कलह आणते आणि शेवटी सुटसुटीतपणे मरते. हे पाहून झाल्यावर आपण प्रेमाने तिच्याकडे वळून म्हणतो, "आमची सून बंगाली आहे, पण पुरणपोळी काय सुरेख करते!"

वाचकहो, त्या वाक्यातले 'पण' तेवढे काढून टाका. फार लहान अव्यय आहे ते, पण त्याच्यावर पाय अडखळून पडणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. "आमची सून बंगाली आहे, आणि पुरणपोळी सुरेख करते." पाहा, वाक्याचे काही बिघडले? उलट पुढच्या रविवारी ती तुम्हांला मोहरी लावलेले मासेही करून घालील.

आणि यापुढे ऐतिहासिक चित्रपट पाहाल तेव्हा तलवारीच्या मुठीबरोबर तीन गोष्टी तपासा. परमुलखातून आलेली नायिका आपल्या बोलीत एखादे तरी वाक्य बोलते का? नायक जवळ नसताना घरातले तिच्याशी कोणी बोलते का? आणि नाचणे, रडणे, मरणे याखेरीज दिवसभरात ती काही करते का? तिन्हींना 'नाही' उत्तर आले तर त्या चित्रपटात कितीही जातीधर्मांची माणसे असोत, बाहेरची ती बाहेरचीच राहिली असे खुशाल समजा. हेच तीन प्रश्न पडदा बंद करून आपल्या घराला विचारले तरी चालतील.

भाऊबीज उरकली की हवा सुरेख पडते. एखाद्या रविवारी डबे भरून पाबळला जाऊन या. तिथे पाहायला फारसे काही नाही. एक साधी कबर आणि भोवती शिरूरकडची मोकळी शेते. परतताना रांजणगावच्या गणपतीचे दर्शनही होईल. गाडीत सुनेला खिडकीजवळची जागा द्या, आणि वाटेत तिला तिच्या गावाकडची दिवाळी कशी असते ते विचारा. उत्तर मात्र पुरते ऐका. मध्येच "आमच्याकडे" म्हणून सुरू करू नका.